‘कट’नंतरचं बोलणं

कानाच्या दवाखान्यातल्या त्या काचेच्या खोलीत माणूस शिरला की आधी स्वतःचाच श्वास ऐकून दचकतो. भिंतींना करडा स्पंज, दार फ्रीजच्या दारासारखं जाड, आत एक खुर्ची आणि हातात धरायला एक बटण. कानताई बाहेर यंत्रापाशी बसायची, एकेक बारीक आवाज आत सोडायची आणि प्रत्येकाला तेच सांगायची, "आवाज आला की बटण दाबा. नाही आला तर दाबू नका. अंदाजानं तर मुळीच दाबू नका." दिवसातून पंधरा वेळा ती हे म्हणायची आणि पंधराही वेळा शेवटचं वाक्य तिचं तिलाच टोचायचं. का, ते दवाखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. कानताई हे नावसुद्धा तिला दवाखान्यानं दिलेलं नव्हतं. ते अकरा वर्षांपूर्वीचं, ती चित्रपटासाठी आवाज ध्वनिमुद्रित करायची तेव्हाचं.

त्या मंगळवारी एक निवृत्त ग्रंथपाल आले. उंच, वाकलेले, खिशात दोन पेनं आणि दोन्ही कानांत नवीन यंत्रं.

"तीन आठवडेच झालेत तुम्हाला यंत्र बसवून," कानताई म्हणाली. "काय होतंय?"

"तसं काही होत नाही. पण रविवारी आमच्या वाचनालयात एक चित्रपट आहे. ‘पाहायचे राहून गेलेले’ अशी मालिका चालवतो आम्ही. हा मी घरी तीनदा पाहिला. सगळं ऐकू येतं, शेवटचं तेवढं येत नाही. दोन बायका पाठमोऱ्या पायऱ्यांवर बसल्यात, बोलतायत, हसतायत. आमच्या हिला ऐकू येतं, तीही हसते. विचारलं काय म्हणतात, तर म्हणते, सांगण्यासारखं काही नाही, ऐकण्यासारखं आहे. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे असंच चाललंय."

"कुठला चित्रपट?"

"दोन चिमटे."

कानताईचा हात यंत्रावरच राहिला. मग ती सावकाश म्हणाली, "त्यात शेवटी बोलणं नाहीये. त्या दिवसाचा आवाज खराब झाला होता."

"ताई, मी बहिरा आहे, खोटारडा नाही. बोलणं आहे." ग्रंथपालांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत पण?"

"कुठेतरी वाचलं होतं."

"कुठे वाचणार? त्याच्याबद्दल दोन ओळींच्या वर कुणी लिहिलेलं नाही, मी शोधून दमलो. जाऊ दे. दिग्दर्शिका स्वतः येणार आहेत रविवारी, त्यांनाच विचारा. चार वाजता. चहा-बिस्किटं आहेत."

कानताईनं त्यांच्या यंत्राचा आवाज दोन घरं वर सरकवला. त्या दिवशी पुढच्या तीन माणसांना ती "अंदाजानं दाबू नका" म्हणायची विसरली.

*

ती आणि दिग्दर्शिका पाच वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. खाली लाँड्री होती, त्यामुळे खोलीची जमीन बारा महिने कोमट. दोघींत पलंग दोन, खिडकी एक आणि बरा स्वेटर एकच. तो कानताईचा होता आणि घालायची दुसरी. या दुसरीला सगळे घाईबाई म्हणत, कारण ती अर्धं वाक्य खोलीत बोलायची आणि उरलेलं जिन्यात. ती गोष्टी लिहायची, कानताई लग्नसमारंभांचे आणि जाहिरातींचे आवाज घेऊन भाडं भरायला हातभार लावायची, आणि एक दिवस घाईबाईनं ठरवलं की आपण चित्रपट करायचा. कशावर, तर खालच्या लाँड्रीत काम करणाऱ्या दोन मैत्रिणींवर. एक गाव सोडून जाणार असते, दुसरी राहणार असते. एवढंच. मारामारी नाही, प्रेमप्रकरण नाही, खून तर नाहीच. ज्याला गोष्ट सांगावी तो थोडा वेळ वाट पाहून विचारायचा, "आणि मग?"

कामावर कानताईचा दरारा असायचा. दरवेळी दृश्य संपलं की ती सगळ्यांना जागच्या जागी उभं करायची आणि मिनिटभर त्या खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती पुढे तुकडे जोडायला लागते. त्या मिनिटात हलायचं नाही, खोकायचं नाही. घाईबाईला ते कधीच जमलं नाही. चाळीस सेकंदांनी तिला हसू तरी यायचं नाहीतर शिंक. "चित्र पुन्हा काढता येतं," कानताई तिच्यावर डोळे वटारायची, "आवाज एकदाच येतो." आणि दुसरा तिचा नियम म्हणजे, न सांगता कुणाचाही आवाज घ्यायचा नाही. शेजारच्या सुताराच्या हातोडीसाठीही ती परवानगी मागायला गेली होती. सुतार बिचारा त्या दिवशी फार जपून ठोकत होता.

शेवटच्या दिवशी शेवटचं दृश्य होतं. लाँड्रीच्या मागच्या पायऱ्या, दोन मैत्रिणी, निरोप. समोर ऊन होतं म्हणून कॅमेरा पाठीमागे ठेवला. नुसत्या दोन पाठी दिसायच्या, तोंडं नाही. बोलायला घाईबाईनं दोन पानं लिहिली होती.

आणि त्याच दिवशी ते झालं. कानताईच्या यंत्राला सुरू करायला आणि बंद करायला एकच बटण होतं. सुरू असलं की लाल दिवा लागायचा. आदल्या दिवशी तो दिवा खिडकीच्या काचेत दिसत होता म्हणून तिनं त्यावर काळी पट्टी चिकटवली होती, ती काढायची राहून गेली. उन्हात आकडेही दिसत नव्हते. तिच्या कोपराचा धक्का कधी लागला, देव जाणे. एक दाब जास्त झाला आणि तिथून पुढे सगळा दिवस उलटा चालला. घाईबाई "चला" म्हणायची, कानताई बटण दाबायची आणि यंत्र बंद व्हायचं. घाईबाई "कट" म्हणायची, कानताई बटण दाबायची आणि यंत्र इमानेइतबारे सुरू व्हायचं. हेडफोनमध्ये तर सगळंच ऐकू येत होतं, तिला संशय यायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर तिनं यंत्रातलं कार्ड लावून ऐकलं. पहिला शब्द आला, "कट." त्यानंतर पाण्याची बाटली उघडल्याचा आवाज, कुणाचं तरी जांभई देणं, घाईबाईची बडबड. अकरा तुकडे होते, अकराही ‘कट’पासून सुरू. दोन पानांतला एक शब्दही कुठे नव्हता.

पुन्हा घ्यावं तर एक नटी त्याच संध्याकाळी दूरच्या गावी नोकरीवर रुजू व्हायला निघाली होती, घाईबाई तिला गाडीवर सोडायला गेली होती, आणि पायऱ्या पुढच्या आठवड्यात फोडणार होते. सांगायचं होतं ते इतकंच, की माझा हात चुकला. पण जिनं जन्मभर दुसऱ्यांना हलू नका, खोकू नका म्हणून दटावलं, तिच्याच कोपरानं घात केला हे सांगायला तोंड कुठून आणायचं. तिनं कार्डाच्या पाकिटावर लिहिलं, "खराब. ऐकू नये." घाईबाईला फोन करून सांगितलं की कार्ड बिघडलं, दुर्दैव, आणि आई फार आजारी आहे, मी घरी चालले. पाकीट खोलीत ठेवलं, पलंगाखालची ट्रंक घेतली आणि ती निघाली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. चित्रपट एका चित्रगृहात दुपारच्या खेळाला चार दिवस चालला. चार दिवसांत मिळून जितकी माणसं आली, त्याहून जास्त बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. शेवट मुका राहिला म्हणूनच तो पडला, असं कानताईनं स्वतःशी ठरवून टाकलं. घाईबाईचे फोन आले, तिनं उचलले नाहीत. शेवटी निरोप आला, "शुक्रवारी पहिला खेळ. ये." ती गेली नाही. त्यानंतर फोन थांबले. चित्रपट तिनं आजवर पाहिला नव्हता.

आणि आता हे ग्रंथपाल म्हणत होते की बोलणं आहे. म्हणजे पाकीट उघडलं होतं. म्हणजे पहिला ‘कट’ ऐकल्याबरोबर घाईबाईला सगळं समजलं होतं, चूकही आणि त्यावरचं खोटंही.

*

"जायचं," आई म्हणाली. ती खिडकीपाशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती.

"मी काय तोंड दाखवू तिला?"

"आहे तेच दाखव, दुसरं कुठून आणणार? तुझ्या खोट्यापायी मी दोन महिने कुणाचा फोन आला की कण्हत होते. त्या पोरीनं फळांची टोपली पाठवली होती. खाताना घास घशाखाली उतरेना."

"सगळी फळं तूच खाल्लीस."

"वाया कशाला घालवायची," आई म्हणाली. "मीही येते रविवारी. एकटीनं गेलीस तर दारातून परत फिरशील, मी ओळखते तुला."

*

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं होती सतरा. दारातच घाईबाई उभी होती. केस पुढून पिकलेले, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात स्पीकरची वायर. शाळेतल्या मुलांना ती आता नाटक शिकवते, हे दाराबाहेरच्या पत्रकात कानताईनं वाचलं होतं. दोघींनी एकमेकींना पाहिलं. दोघीही कसनुशा हसल्या, लग्नात नको त्या पाहुण्यापुढे हसावं तसं.

घाईबाईनं आधी आईकडे तोंड वळवलं. "काकू, तब्येत कशी आहे आता?"

"कुणाची?" आई म्हणाली. कानताईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. "हां, माझी होय. बरी आहे गं. अकरा वर्षं झाली त्याला."

"ये, बस पुढे," घाईबाई कानताईला म्हणाली. पण तिनं नजर वायरीवरच ठेवली होती.

कानताई शेवटच्या रांगेत जाऊन बसली. घाईबाई पहिल्या रांगेत. मधे पंधरा डोकी आणि अकरा वर्षं.

चित्रपट सुरू झाला. पहिल्याच दृश्यात इस्त्रीची वाफ फुस्सकन सुटली आणि कानताईचे खांदे आपोआप खाली आले. ती वाफ तिनं घेतली होती, तीन सकाळी खपून. मग लाँड्रीतली शांतता आली, मग जिन्याची, मग त्यांच्या स्वतःच्या खोलीची. पडद्यावर त्या मैत्रिणी चादरीची टोकं धरून घडी घालायच्या, जवळ यायच्या, लांब जायच्या. चांगला होता की चित्रपट. थोडा लांबलेला, एका ठिकाणी कॅमेरा हललेला, पण चांगला. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण, पाहिलाच कुणी होता.

आणि पायऱ्या आल्या. दोन पाठी, समोर ऊन. कानताईनं आईचा हात धरला.

"हा स्वेटर माझा आहे," पडद्यावरून आवाज आला. तो नटीचा नव्हता. तो कानताईचा होता.

"होता. तीन वर्षं मागितला नाहीस."

"आता मागतेय."

"आता मी घातलाय."

मग हसणं. बिस्किटाच्या कागदाचा कर्रकर्र आवाज. "माझ्या वाटचं का खाल्लंस?" "तुझ्या वाटचं कुठलं होतं ते आधी सांगायचं." पडद्यावरच्या एका पाठीला हसताना गचके बसत होते, कारण त्या क्षणी त्या नट्याही बहुतेक कशावर तरी हसत असाव्यात. तोंडं दिसतच नव्हती, कुणाचं बोलणं कुणाच्या पाठीवर बसलंय ते कळायला वावच नव्हता. निरोपाबद्दल एक शब्द नाही. जाणारी जाणार हे पाहणाऱ्याला माहीत, आणि त्या दोघी बिस्किटावरून भांडतायत. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी नाक ओढलं.

मग घाईबाईचा आवाज, जरा खाली, "कानताई, हा कुणी पाहिलाच नाही तर?"

"तर काय. आपण दोघी पाहू."

पडदा काळा झाला. नावं आली. ‘आवाज’ या शब्दापुढे तिचं नाव एकटं होतं.

"तू म्हणाली होतीस," आई कुजबुजली, "आणि गेली नाहीस."

"गप्प बस गं," कानताई म्हणाली. तिला नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता.

*

दिवे लागले. ग्रंथपाल उठले आणि बहिऱ्या माणसाच्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "पहिला प्रश्न माझा. हा शेवटचा संवाद कुणी लिहिला? आणि निरोपाच्या प्रसंगाला हे असलं बोलणं घालायची कल्पना सुचली कशी?"

घाईबाई उभी राहिली. तिनं वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं, पटकन नजर काढून घेतली. "ते आम्ही… म्हणजे तसं आधीच ठरवलं होतं. थोडं मोकळं ठेवायचं असं…"

ती खोटं बोलत होती, आणि वाईट बोलत होती. घाईबाईला खोटं बोलता कधी आलंच नाही, वाक्य तिथेच जिन्यात अडकायचं. आपल्यासाठी ती चारचौघांत अडखळतेय हे कानताईला पाहवेना. ती उठली तेव्हा तिच्या मांडीवरची पर्स खाली पडली आणि सतराही माणसांनी मागे पाहिलं.

"काही ठरवलं नव्हतं," ती म्हणाली. "आवाज घेणारी मी. माझ्याकडून बटण उलटं दाबलं गेलं. दिवसभर खरं दृश्य चालू असताना यंत्र बंद, आणि मधल्या गप्पा चालू असताना सुरू. मी ते लपवलं. कार्ड बिघडलं म्हणून सांगितलं आणि पळाले. आई आजारी आहे असंही सांगितलं. ती नव्हती."

"मी ठणठणीत होते," आईनं बसल्या जागेवरून दुजोरा दिला.

मग ग्रंथपालांच्या बायकोला हसू फुटलं, मग तिच्या शेजारणीला, आणि ते हसणं खुर्च्यांवरून सरकत पुढे गेलं. ग्रंथपाल दोन्ही कानांमागे हात धरून विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" घाईबाई मात्र हसत नव्हती. तोंडावर हात ठेवून ती कानताईकडे बघत होती, हरवलेली किल्ली आपल्याच खिशात सापडावी तशी.

*

चहाच्या वेळी दोघी वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. तिथे सायकली लावलेल्या होत्या.

"म्हणजे तू रागावली नव्हतीस?" घाईबाईनं विचारलं.

"मी? मी कशाला रागावू? रागवायचा हक्क तुझा."

"अगं, तुझा आवाज मी तुला न विचारता घातला. तू सुताराची हातोडीसुद्धा न विचारता घेतली नाहीस, आणि मी तुझं घरचं बोलणं उचलून मोठ्या पडद्यावर लावलं. विचारायला फोन केले तर तू उचलेनास. पहिल्या खेळाला आली नाहीस. मी म्हटलं, कुणीतरी हिला सांगितलं, आता ही माझं तोंड पाहणार नाही. मग मला फोन करायची भीती वाटायला लागली."

"मी तर पाहिलाच नव्हता. आज पाहिला."

"आज?"

"पाकीट का उघडलंस तू? लिहिलं होतं ना, ऐकू नये."

"‘ऐकू नये’ असं लिहिलेलं मी ऐकणार नाही, असं तुला वाटलं?" घाईबाई म्हणाली. "दोन दिवस रडले आधी. चुकीसाठी नाही, तू सांगितलं नाहीस म्हणून. तिसऱ्या दिवशी ते बिस्किटाचं भांडण पुन्हा ऐकलं आणि हसू आलं. तुला आठवतायत का माझी ती दोन पानं?"

कानताईला आठवत होती. "‘आठवणींच्या दोरीवर आपण दोघी…’"

"नको, पुढे म्हणू नकोस. लाज वाटते. तुझं बटण सुलट दाबलं गेलं असतं तर ती दोरी आज त्या सतरा माणसांना ऐकावी लागली असती. ज्यांनी कुणी आजवर चित्रपट पाहिलाय ना, त्या सगळ्यांना शेवटच आवडतो. सगळ्यांना म्हणजे, असतील दोनेकशे."

कानताईनं मान खाली घातली. अकरा वर्षं ती एक ओझं उचलून चालली होती, आणि आता कळत होतं की त्या बोचक्यात बिस्किटं होती. तिला हलकं वाटत होतं, आणि इतकी वर्षं फुकट उचललं म्हणून थोडा रागही येत होता. तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून ती म्हणाली, "स्वेटर कुठाय माझा?"

"कसर लागली त्याला."

"जपला नाहीस."

"तू मागितला नाहीस."

"आता मागतेय."

घाईबाईला हसू आलं. "काकू फोनवर इतक्या सुरात कण्हायच्या, मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

दारात ग्रंथपाल आले. हातात चहाचा कप, चेहऱ्यावर तक्रार. "माझी बायको सांगते की मघाशी फार मजेशीर काहीतरी झालं. मला शेवटचं आताही नीट ऐकू आलेलं नाही. लोक गेलेत. पुन्हा लावू का, शेवटची दहा मिनिटं?"

"लावा," घाईबाई म्हणाली. "मघाचं धरायचं नाही तसंही. ही शेवटच्या रांगेत, मी पहिल्या. ते काही दोघींनी पाहणं नव्हे."

वर चाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या. आई एका कोपऱ्यात ग्रंथपालांच्या बायकोला कण्हण्याचे प्रकार करून दाखवत होती. दोघी मधल्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या. कानताईनं ग्रंथपालांना स्पीकरच्या उजव्या बाजूला बसवलं, त्यांच्या यंत्राचा आवाज आणखी एक घर वाढवला आणि दिवे मालवले.

पायऱ्या आल्या, ऊन आलं, स्वेटरवरून सुरू झालं. ग्रंथपाल आधी पुढे वाकले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. "बिस्किट," ते बायकोला म्हणाले. "बिस्किटावरून भांडतायत. हे सांगायला तुला काय झालं होतं?" पडद्यावरची घाईबाई विचारत होती, हा कुणी पाहिलाच नाही तर, आणि शेजारची घाईबाई अंधारात पुडा फोडत होती, कर्रकर्र.

"शू," कानताई म्हणाली.

घाईबाईचा हात थांबला. "आवाज घेतेयस की काय?"

"नाही," कानताई म्हणाली आणि पुड्यातलं एक बिस्किट काढून घेतलं. "आज नुसतं ऐकतेय."